अनुभव धागा: रेडिएशन झालं, नंतर रक्तवाहिन्यांचं काय?

मंडळी, कॅन्सर बरा होतो, फाईल माळ्यावर जाते. पण शेक (म्हणजे रेडिएशन) दिलेल्या भागातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावलेलं असतं. पाच-दहा-वीस वर्षांनीही तिथे ब्लॉकेज होऊ शकतं. आपल्या खान्देशात तंबाखूमुळे तोंडाचे पेशंट कमी नाहीत, म्हणून विचारतोय. घरात कुणाला असं झालं असेल तर लिहा.

तापीकाठ, चोपडा
आमच्या आबांना गालाचा कॅन्सर. 2009मध्ये मुंबईला ऑपरेशन, मग मानेला शेक. गेल्या उन्हाळ्यात केळीच्या बागेत बोलता बोलता जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. दहा मिनिटांत सगळं जागेवर. "मले काय व्हस?" म्हणत चहा प्यायले. ऊन लागलं, हे गावाचं ठरलेलं निदान. काकांनी हट्टाने जळगावला नेलं. डॉक्टरांनी मानेवरची कडक, काळवंडलेली कातडी बघूनच विचारलं, "शेक घेतलेत का?" डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) डावी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी नळी, 80 टक्के बंद. शुगर नाही, बीपी बेताचं. शेकलेल्या मानेत चिरफाड अवघड, म्हणून स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकला. आता ॲस्पिरिन (रक्त पातळ ठेवायला) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी) चालू. तंबाखू सुटली, चुन्याची डबी अजून खिशात असते!

भुसावळची मावशी
माझं डाव्या स्तनाचं, 2004 सालचं. जिना चढताना छाती भरून यायची. टू-डी इको नॉर्मल आला, म्हणून सगळे निर्धास्त. इकोत हृदयाचं पंपिंग दिसतं, नळ्यांमधलं ब्लॉकेज थेट दिसत नाही. ते अँजिओग्राफीत सापडलं, हृदयाच्या पुढच्या नळीत. भाचीला आता खोल श्वास रोखायला लावून शेक देतात, त्याने हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं. आमच्या वेळी हे कुणी करवून घेतलं नव्हतं.

धुळेकर
आईला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटावर शेक होता. चाललं की पोटऱ्या भरून येत, थांबलं की बरं. बरेच दिवस मणक्याच्या गोळ्या चालल्या. शेवटी एका डॉक्टरने पायाची नाडी बघितली, ती लागेचना; म्हणजे दुखणं मणक्याचं नाही, रक्तवाहिनीचं.

शिरपूर
वाचून धसका घेतला. वडिलांचे शेक पुढच्या आठवड्यात सुरू होतायत. नको म्हणू का?

तापीकाठ, चोपडा
अजिबात नाही, भाऊ. शेक घेतले म्हणून आबा नातवाच्या लग्नात नाचले. फक्त कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) दिले, तो कागद मागून घ्या. मानेला असतील तर पुढे डॉप्लर कधी करायचं, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.