पीएनजी म्हणजे चोचले? अजिबात नाही

पानवाचक:
परवा एकाने ठोकून दिलं, "फोटो असो की स्कॅन, सरळ जेपीजी करा, पीएनजी-टिफ हे नुसते चोचले, डोळ्याला काही फरक दिसत नाही." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, तिन्ही चित्र साठवायचे फॉरमॅटच, पण १९९२ सालचं हे जेपीजी फोटोंसाठी बनवलंय. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा जाणवत नाही असा बारीक तपशील टाकून देतं. आकाश, चेहरे, झाडी, तिथे खपून जातं. पण पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे नुसत्या धारदार कडा! आजोबांचे जुने दिवाळी अंक एका दुकानातून स्कॅन करून घेतले, त्याने जागा वाचवायला जेपीजी केले, तेही क्वालिटी पार खाली ओढून. आता पान मोठं करून बघितलं की शिरोरेघेच्या वर सगळे करडे ठिपके, त्यात अनुस्वार कुठला नि कचरा कुठला ते कळत नाही, रफार तर रेघेलाच चिकटलाय. लाल शीर्षकांचे हाल आणखी वाईट, कारण बहुतेक जेपीजीत रंगाची माहिती आडवी आणि उभी निम्मीच ठेवलेली असते, त्यामुळे लाल अक्षराची कड फिसकटते. मूळ अंक वाळवीने खाल्ले. हेच उरलंय. आणि म्हणे फरक दिसत नाही!

मूळ प्रत टिफ नाहीतर पीएनजीच ठेवा, त्यांत सहसा तपशील टाकून दिला जात नाही. वाटायला हवी तर त्यातून जेपीजी काढा.

कॅमेरावाली ताई:
दादा, अंकांचं वाईट वाटलं, पण म्हणून जेपीजीला झोडपू नका. मी लग्नाचे फोटो काढते. १२ मेगापिक्सेलचा फोटो जेपीजीत ४-५ एमबी, तोच पीएनजीत २० च्या आसपास जातो, एका लग्नाचे दोन हजार फोटो धरा आणि करा गुणाकार. गिऱ्हाइकाला मी शंभरातल्या ९० क्वालिटीचे जेपीजीच देते, आजवर कुणाची तक्रार नाही. पण असलं काही वाचून लोक येतात, "ताई, सगळं पीएनजीत द्या." जेपीजीचं पीएनजी केलं म्हणून गेलेला तपशील परत येत नाही हो, नुसती फाइल फुगते!

पानवाचक:
मूळ रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं, ठेवता ना तुम्ही? मग मी वेगळं काय म्हणतोय?

फॉर्मपीडित:
तुमचं रॉ नि टिफ चालू द्या, आमचा जीव ५० केबीत अडकलाय. भाचीचा एका भरतीचा फॉर्म, शेवटची तारीख, फोटो आयफोनवर काढलेला म्हणजे हेइक (HEIC), आयफोनचा नेहमीचा फॉरमॅट. कॅफेवाल्याने काय करावं? फाइलच्या नावापुढचं हेइक खोडून जेपीजी लिहिलं! नाव बदलून आतली फाइल बदलते होय? साइट सारखी नाकारतेय आणि हा म्हणतो सर्व्हर डाउन आहे. पोरगी रडकुंडीला आली. असल्या लोकांना दुकानं चालवायची परवानगी कोण देतं?

नेटकॅफे परभणी:
एकाने केलं म्हणून सगळ्यांना शिव्या घालायच्या? आमच्याकडे येऊन बसा एक दिवस. सही म्हणून वहीच्या रेघांच्या कागदावर निळ्या पेनने गिरगोटलेलं आणि ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढलेलं आणतात, वर आपल्याच हाताची सावली, ते आम्ही १० ते २० केबीत बसवायचं आणि नाही बसलं की आम्ही चोर.

फॉर्मपीडित:
पैसे घेता ना? मग फॉरमॅट शिकून घ्या.

नेटकॅफे परभणी:
शिकलोय म्हणून तर सांगतो. क्वालिटी ओढत बसू नका, आधी आकार कमी करा. फॉर्मला २०० बाय २३० पिक्सेल लागतात आणि लोक चार हजार पिक्सेलचा फोटो क्वालिटी १० करून कोंबतात, चेहऱ्यावर चौकोनच चौकोन. आधी कापून लहान करा, मग ८५ क्वालिटीलासुद्धा ५० केबीच्या आत आरामात बसतो. आणि आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवा, मग पुढचे फोटो थेट जेपीजीच निघतात. आता तरी तोंड आवरा.

फॉर्मपीडित:
हे तेव्हा त्याने केलं असतं तर बोललोच नसतो. बरं, आकाराचं लिहून घेतलंय.

कॅमेरावाली ताई:
व्हॉट्सॲपचं पण कुणीतरी बोला! मी नीट जेपीजी देते, लोक ते व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवतात, तिथे तो पुन्हा दाबला जातो, मग तोच अल्बमला छापायला देतात आणि शिव्या मला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किती वेळा सांगायचं!

जेपीजीच बरा:
ते चोचल्यांचं वाक्य माझं. स्कॅनपुरतं मान्य करतो, फोटोला जेपीजीच. पण तुमचं ते टिफ क्रोममध्ये उघडतसुद्धा नाही, फोनवर माणसाने वाचायचं कसं? आणि जागा कोण देणार?

पानवाचक:
मग पीएनजी करा, १९९६ पासून आहे, सगळीकडे उघडतं. जागेचं म्हणाल तर चित्र नसलेलं पान नुसतं काळं-पांढरं, एक बिटचं (प्रत्येक पिक्सेल काळा नाहीतर पांढरा) पीएनजी केलं तर बहुतेक वेळा जेपीजीपेक्षा लहानच होतं. फक्त त्यासाठी स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) खाली नको, नाहीतर बारीक टायपातले अनुस्वार पुन्हा जातील. एक पान दोन्हीत करून बघा आणि किती केबी आले ते इथेच टाका.