मांजरीच्या रक्तात लिम्फोसाइट फार वाढल्या आहेत. स्टेरॉइड सुरू करण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार,

आमची मनी अकरा वर्षांची, नसबंदी झालेली गावठी मांजर आहे. चार महिन्यांत तिचे वजन ४.१ किलोवरून ३.५ किलोवर आले, म्हणून रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी ३८,४०० निघाल्या. मांजरांत त्या साधारणपणे १९,५०० च्या आत असतात. त्यांतल्या ८१ टक्के लिम्फोसाइट होत्या, म्हणजे ३१,००० हून अधिक. एरवी त्या ७,००० च्या वर जात नाहीत.

त्या दिवशी ती फार घाबरली होती. भीतीने लिम्फोसाइट तात्पुरत्या वाढतात, पण ते बहुधा तरुण मांजरांत आणि थोड्या वेळापुरते, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून तीन आठवड्यांनी घरीच, टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या मांडीवर शांत बसलेली असताना पुन्हा रक्त घेतले. आकडा ४१,२०० आला. प्लेटलेट यंत्राने कमी दाखवल्या होत्या, परंतु काचपट्टीवर त्यांच्या गुठळ्या स्पष्ट दिसल्या, त्यामुळे ती काळजी मिटली. डॉक्टरांनी मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले: लहान, गोल, जवळजवळ सगळ्या सारख्याच पेशी, गडद केंद्रक आणि भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड. अपक्व पेशी नाहीत, हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) २९ टक्के आहे, न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही ठीक आहेत. सोनोग्राफीत प्लीहा किंचित मोठी आहे, गाठी कुठेच नाहीत. फेलाइन ल्युकेमिया विषाणू आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) यांची झटपट चाचणी नकारात्मक आली.

डॉक्टरांचा संशय दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमियाचा, म्हणजे लिम्फोसाइटच्या हळू वाढणाऱ्या रक्तकर्करोगाचा आहे आणि त्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुचवले आहे. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात आमच्या बोक्याला निदानाआधीच स्टेरॉइड दिले गेले, त्यानंतर घेतलेल्या नमुन्यांतून काहीच ठरवता आले नाही, आणि त्याला नेमके काय झाले होते हे आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. मनीच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नाही.

या पेशी एकाच पेशीपासून वाढलेल्या, म्हणजे कर्करोगाच्या आहेत, की कुठल्याशा दीर्घ संसर्गाला किंवा दाहाला दिलेला प्रतिसाद आहेत, हे क्लोनॅलिटी पीसीआर (पेशींचा डीएनए एकसारखा आहे का ते पाहणारी चाचणी) आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींच्या पृष्ठभागावरील खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी चाचणी) यांवरून ठरवतात, असे वाचले. मांजरांतल्या या आजारात बहुतेकदा सीडी४ प्रकारच्या टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) सापडतात, एवढेही समजले. फ्लोसाठी जिवंत पेशी, म्हणजे ताजे रक्त लागते. क्लोनॅलिटी मात्र रंगवलेल्या काचपट्टीवरूनही होऊ शकते. पुण्याहून किंवा मुंबईहून मांजराचा असा नमुना कोणी पाठवला आहे का? कुठे पाठवला, आणि फ्लोचे रक्त वाटेत टिकले का? लाल पेशी व न्यूट्रोफिल ठीक असताना भूल देऊन अस्थिमज्जा काढणे आवश्यक आहे का, की रक्तावरच निदान पुरेसे होते? फेलाइन ल्युकेमिया विषाणूची झटपट चाचणी केवळ रक्तातले प्रतिजन, म्हणजे विषाणूचे प्रथिन शोधते. विषाणू मज्जेत दडला असेल तर प्रोव्हायरल पीसीआर (पेशींच्या डीएनएत शिरलेला विषाणू शोधणारी चाचणी) करावी का? ज्यांच्या मांजरांना हा आजार होऊन क्लोरॅम्ब्युसिल हे कर्करोगाचे औषध चालू होते, त्यांनी रक्ततपासणी किती दिवसांनी केली आणि भूक कशी राहिली, हे कृपया लिहावे. ती दोन मिलिग्रॅमची गोळी तोडायची नसते, हे ठाऊक आहे.

मनी सध्या खाते आहे, खिडकीत बसते, हिरड्या गुलाबी आहेत. दोन्ही तपासण्यांचे अहवाल आणि काचपट्टीची छायाचित्रे माझ्याकडे आहेत; कोणी पशुवैद्य पाहणार असतील तर लगेच पाठवते. मुदत येत्या गुरुवारी संपते.