वाघनखं आपली, मग लंडनहून उसनी का आणायची?

सातारकर_पोरगा
२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्यात वाघनखं आली, पोरांना घेऊन लायनीत उभं राहून बघितली पण. पण करार फक्त ३ वर्षांचा, मग परत तिकडे. कायमची द्यायला यांच्या बापाचं काय जातं?

फाईलवाला
त्यांच्या १९८३ च्या हेरिटेज कायद्यात बसत नाही. काही अपवाद सोडले तर त्या म्युझियमला संग्रहातली वस्तू देऊन टाकता येत नाही, ब्रिटिश म्युझियमसाठी तसाच १९६३ चा कायदा आहे. पण कायदा म्हणजे काय दगडावरची रेघ नाही, नाझींनी लुबाडलेल्या वस्तू परत करता याव्यात म्हणून २००९ ला त्यांच्याच संसदेने वेगळा कायदा केला की. म्हणजे मनात असलं की जमतं.

तळटीप
आधी हे बघा की ती महाराजांचीच आहेत का. डबीवर इंग्रजीत कोरलंय की शिवाजीने याने "मोगल सरदार" मारला. अहो अफजलखान आदिलशाहीचा! म्युझियम स्वतःच सांगतं की १६५९ ला प्रतापगडाखाली वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंतही तेच म्हणत होते तर लोक त्यांच्यावरच तुटून पडले. लंडनची पाटी आपल्या मिरवणुकीपेक्षा प्रामाणिक निघाली, याचं वाईट वाटतं.

कऱ्हाडची_ताई
@तळटीप मान्य, पण ग्रँट डफला ती "भेट" मिळाली म्हणतात त्याचं काय? १८१८ ला पेशवाई बुडाली आणि हा साताऱ्यात कंपनीचा एजंट, १८२२ पर्यंत राज्याचा कारभार त्याच्याच हातात, छत्रपती प्रतापसिंह नावाला गादीवर. अशा माणसाला कुणी काही दिलं तर ती भेट कसली हो? महाराजांची जगदंबा म्हणतात ती तलवारही तशीच, १८७५ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजींनी दिली, तेव्हा ते १२ वर्षांचे! नाही म्हणायची सोय होती का त्या पोराला? पाटीवर मात्र भेट एवढंच.

सातारकर_पोरगा
बरं मग २०२५ ला सरकारने नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात ४७ लाखांना घेतली ते बरोबर की चूक?

फाईलवाला
मला नाही पटलं, असं घेत बसलो तर भाव अजून चढणार. पण खाजगी मालकाकडून दुसरा मार्ग तरी कुठला, चोरी सिद्ध करता आली तरच परत मागता येतं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानचा नटराज बघा, देवळातून चोरलेला, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ ला ५० लाख डॉलर मोजून घेतला आणि २०१४ ला परत दिला, कारण मूर्ती देवळात असतानाचे जुने फोटो पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत निघाले.

कऱ्हाडची_ताई
आमच्या गावच्या देवळातल्या मूर्तींचा एक फोटो नाही कुणाकडे. येत्या यात्रेला मोबाईलवर का होईना काढून घेते सगळे, मागच्या बाजूने पण.