हॉलंडच्या सखल, पाणथळ मुलखातून सायकलने चार दिवस: मार्ग कसा आखावा?

प्रश्न — सायकलस्वार६१

नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आणि माझी पत्नी मुलीकडे लायडनला जात आहोत. मुलगी-जावई कामावर जाणार असल्यामुळे आठवड्यातले चार दिवस आम्ही दोघे मोकळे असू. ते दिवस संग्रहालयांच्या रांगांत न घालवता ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि उट्रेख्त यांच्या मधोमध पसरलेल्या, तिकडे ज्याला ‘हिरवे हृदय’ म्हणतात त्या सखल प्रदेशातून सायकलने हिंडावे, असा विचार आहे. आमची वये ६१ आणि ५८. दोन वर्षांपूर्वी आम्ही अलिबागहून गुहागरपर्यंत किनाऱ्याने सायकलवर गेलो होतो. तेव्हा चढांनी पुरते दमवले, म्हणून या वेळी सपाट मुलूख निवडला आहे. सपाटीवर रोज ७०-८० किलोमीटर सहज होतील असा माझा हिशेब आहे. पहिल्या दिवशी गौडाहून निघून किंडरडाइकच्या पवनचक्क्या पाहाव्यात आणि त्याच वाटेने संध्याकाळी परतावे, असा बेत आहे. हा हिशेब बरोबर आहे का, आणि अनोळखी रस्त्यांवर वाट शोधण्याचा त्रास कितपत होतो, हे तिकडे सायकल चालवलेल्या सभासदांनी कृपया सांगावे.

उत्तर १ — पोल्डरवासी

मी अकरा वर्षे गौडाजवळ राहतो. आपल्या हिशेबात वारा धरलेला नाही. घाट चढून गेल्यावर निदान उतार तरी मिळतो. इथे समोरचा वारा सकाळी समोर असेल तर दुपारीही समोरच असतो, आणि आडोशाला झाड नाही की टेकडी नाही. वेगाच्या वाऱ्यात ४० किलोमीटर म्हणजे ७० समजा.

इथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, आणि गौडाहून किंडरडाइक दक्षिण-नैर्ऋत्येला आहे. तेव्हा आपला बेत उलटा करा. रॉटरडॅमहून सायकलींसह वॉटरबसने, म्हणजे नदीतल्या प्रवासी बोटीने, सकाळी किंडरडाइक गाठा आणि तिथून पाठीवर वारा घेत गौडाला या. मुलीकडच्या सायकली रेल्वेतून रॉटरडॅमला नेणार असाल, तर सकाळी साडेसहा ते नऊ या गर्दीच्या वेळेत आगगाडीत सायकल चढवू देत नाहीत आणि सायकलचे वेगळे तिकीट काढावे लागते, हे ध्यानात ठेवा.

किंडरडाइकला एकूण १९ पवनचक्क्या आहेत. त्यांपैकी १७३८ साली बांधलेल्या विटांच्या आठ आणि १७४० सालच्या गवताने शाकारलेल्या आठ कालव्याच्या दोन काठांना समोरासमोर ओळीने उभ्या आहेत. १९९७ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे अकरानंतर तिथल्या अरुंद वाटेवर पर्यटकांची दाटी होते, त्याआधी पोहोचा. तिथून लेक नदीच्या बांधावरचा रस्ता धरून पूर्वेला चला. हा बांध मला या सगळ्या मुलखात सर्वांत आवडतो. डाव्या हाताला नदी, तिच्यातून चाललेले मालवाहू पडाव, आणि उजवीकडे खाली घरे. एवढी खाली की काही ठिकाणी कौले आपल्या चाकांच्या पातळीला येतात. शेकडो वर्षे पाणी उपसल्यामुळे इथली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी जमीन सुकून खचत गेली आणि नदी मात्र होती तिथेच राहिली. म्हणून शेताचे पाणी आधी कालव्यात आणि कालव्याचे नदीत, असे पायरीपायरीने वर चढवावे लागते. पूर्वी ते काम पवनचक्क्या करत, आता पंप करतात. गौडा आणि रॉटरडॅमच्या मधे तर जमीन समुद्रसपाटीखाली पावणेसात मीटरपर्यंत गेली आहे.

पुढे गेल्केनेसला तरीने नदी ओलांडली की पलीकडे स्खोनहोवन, चांदीकामासाठी नावाजलेले गाव. तिथून फ्लिस्ट नावाच्या लहानशा नदीच्या काठाने हास्ट्रेख्तपर्यंत यायचे. काठावर माथे छाटलेली विलोची (आपल्या वाळुंजाच्या कुळातली) झाडे आहेत आणि मोटारी फारशा नाहीत. हास्ट्रेख्तहून गौडा जवळच. सगळे मिळून सुमारे ४० किलोमीटर होतात. आपल्या वयाचा प्रश्न नाही, पण पहिल्या दिवशी एवढे पुरे.

उत्तर २ — चाकोरीबाहेर

वाट शोधण्याबद्दल निश्चिंत असावे. सायकलमार्ग जिथे एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला क्रमांक दिलेला असतो आणि पुढच्या क्रमांकाकडे जाणारा बाण रस्त्याच्या कडेला पाटीवर असतो. आदल्या रात्री नकाशा पाहून क्रमांकांची ओळ कागदावर लिहून घ्यायची आणि तो कागद हॅन्डलला चिकटवायचा. दिवसभर मोबाइल खिशातून काढावा लागत नाही. ही पद्धत मूळची शेजारच्या बेल्जियममधली आहे. तिथल्या लिम्बर्ग प्रांतातल्या एका खाण अभियंत्याला ती भूमिगत बोगद्यांच्या क्रमांकांवरून सुचली आणि १९९५ साली ती प्रथम रस्त्यावर आली. फक्त एक सावधगिरी बाळगा: एकच क्रमांक दुसऱ्या भागात पुन्हा येतो, त्यामुळे ओळीतला एखादा क्रमांक चुकला, तर पुढे दिसणारा ‘आपला’ आकडा आपलाच असेल असे नाही.

आणखी एक. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली दिसेल. त्यांची टोके आपल्याकडे रोखलेली असतील, तर थांबून दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचे. आपल्याकडे नजरेने आणि हाताने जो सौदा होतो, तो इथे त्रिकोणांनी आधीच ठरवलेला असतो.

उत्तर ३ — खाजणकर

मी मूळची गोव्याची, त्यामुळे बांध आणि खारे पाणी बघतच वाढले. आमच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांत, भरती आली की मानशीची (बांधातल्या पाणवाटेची) दारे पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी नदीत सोडतात. इथे मात्र पाणी आपणहून कुठेच जात नाही, हे पाहून मला पहिले काही दिवस त्या लोकांची दया आली होती.

आपल्या दुसऱ्या दिवसासाठी मी गौडाच्या उत्तरेला जायला सुचवेन. रेउवाइकचे तलाव गावाला लागूनच आहेत. जुन्या काळी शहरांना जळण पुरवण्यासाठी पीट कापून नेले, खड्डे पाण्याने भरले, आणि मधे उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांवरून आज आपण सायकल चालवतो. तिथून बोडेग्राफनमार्गे मैये या ओढ्याच्या काठाने न्यूकोपच्या तलावांकडे जा. हा रस्ता इतका वळणावळणांचा आहे की वारा फार वेळ एका बाजूने लागत नाही. तलावांवर जांभळ्या बगळ्यांची मोठी वसाहत आहे. आपण आपल्याकडे उजनीला किंवा भिगवणला जो जांभळा बगळा पाहतो, तोच हा; मे महिन्यात तो बोरूच्या बेटांतून मान आखडून उडताना दिसतो. कुरणांत लांब, सरळ चोचीचा ग्रुटो ओरडत असेल. तो नेदरलँड्सचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि पिलांच्या काळजीने डोक्यावर घिरट्या घालतो, तेव्हा तिथे थांबू नये.

आता माझी फजिती सांगते. भाड्याच्या सायकलींना पुष्कळदा हाताचे ब्रेक नसतात. पायडल उलटे फिरवले की चाक आवळले जाते. टांग टाकण्यापूर्वी पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणायची आपली जन्माची सवय! फ्लिस्टच्या काठावर, चालत्या सायकलवर, उगाच पाय मोकळा करावा म्हणून मी पायडल उलटे दाबले. मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि मी कॅरिअरवरच्या डब्यासकट उतारावरून घसरत चराच्या कडेला गेले. चरात हिरवे शेवाळ एवढे दाट होते की ते मला गवतच वाटले आणि मी त्यावर हात टेकला. हात कोपरापर्यंत आत गेला. सायकल घेताना हाताचे ब्रेक मागून घ्या, नाहीतर आधी दुकानाच्या अंगणात दहा मिनिटे फेऱ्या मारा.

सायकलस्वार६१

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या दिवसाचा बेत उलटा केला आहे. रोजचे अंतर ४०-४५ वर आणले आहे आणि चौथा दिवस वाऱ्यासाठी राखून ठेवला आहे. ज्या दिवशी तो फार असेल त्या दिवशी घरी बसू. पत्नी शाकाहारी आहे. वाटेत खाण्याची सोय होते का, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर ४ — पोल्डरवासी

होते, पण सोमवारी आणि मंगळवारी गावांतली बरीच उपाहारगृहे बंद असतात आणि दोन गावांच्या मधे काहीच मिळत नाही. शेतावरच चीज करून विकणारे शेतकरी वाटेत भेटतील. पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या पोटातले रेनेट नावाचे पाचकद्रव्य वापरतात, तेव्हा वहिनींना चालणार नसेल तर विकत घेण्यापूर्वी विचारावे. राग कोणी मानत नाही. आम्ही दोघे अजूनही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून निघतो. डबा बांधावर उघडू नका, वाऱ्याने चटणी उडते. बांधाच्या आतल्या, शेताकडच्या उतारावर बसा.