पाइप झाकला जाण्यापूर्वी: बांधकाम व पर्जन्यजल निरीक्षकाच्या कामाविषयी काही शंका

नवा निरीक्षक (प्रश्न)

नमस्कार. मी स्थापत्य पदविकाधारक असून पाच वर्षे एका कंत्राटदाराकडे साइट अभियंता म्हणून काम केल्यानंतर नुकताच नगरपालिकेत निरीक्षक म्हणून रुजू झालो आहे. माझ्याकडे दोन कामे एकत्र सोपवली आहेत. पहिले काम रस्ते, पदपथ आणि भूमिगत वाहिन्यांच्या चालू बांधकामाची पाहणी करण्याचे आहे. दुसरे पर्जन्यजलाचे आहे, म्हणजे बांधकामाच्या जागेवरून गाळ, सिमेंटचे पाणी किंवा तेल पावसाळी वाहिनीत उतरत नाही ना आणि वाहिनीच्या मुखातून नको ते पाणी बाहेर पडत नाही ना, हे पाहण्याचे. पहिल्या कामाची भाषा मला येते. दुसरे अजून नीट उमगलेले नाही.

एकाच सकाळी सहा-सात ठिकाणी कामे चालू असतात आणि सर्वत्र पोहोचणे शक्य नसते, तेव्हा कोठे जायचे हे आपण कशावरून ठरवता? दुसरी शंका अशी की, एका जागेवर मंजूर आराखड्याप्रमाणे गाळरोधक कापडी कुंपण लावलेले आहे, गाळ साठवण्याचे कुंडही खोदलेले आहे, तरीही पाऊस झाला की बाहेर पडणारे पाणी चहाच्या रंगाचे असते. कंत्राटदार आराखडा दाखवतो आणि मी निरुत्तर होतो.

तिसरी गोष्ट कालचीच आहे. दोन चेंबरांमधील ४० मीटर लांबीच्या, ४५० मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीला २०० मीटरला १ मीटर असा उतार हवा होता, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २० सेंटीमीटर उतरण. मी लेव्हल लावून मोजली तेव्हा ती १४ सेंटीमीटर भरली. मुकादम म्हणाला, ‘पाणी उताराला जातेच, साहेब.’ मी त्याला सगळे पाइप काढून खालच्या बाजूने पुन्हा टाकायला सांगितले. संध्याकाळी एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की, मी असे सांगायला नको होते. माझे नेमके काय चुकले?

निवृत्त निरीक्षक

कोठे जायचे हे ठरवण्याची माझी कसोटी एकच होती: आज संध्याकाळपर्यंत कोणते काम झाकले जाणार आहे? पदपथाची फरशी वाकडी बसली असेल तर ती उद्याही वाकडीच दिसेल आणि उद्याही काढता येईल. पाइपाखालचा खडीचा थर, सांध्यातील रबरी कडे, सळ्यांमधील अंतर आणि भरावाचा प्रत्येक थर मात्र एकदा दिसेनासा झाला की तुमची सही म्हणजे निव्वळ दुसऱ्याच्या शब्दावरचा विश्वास उरतो. काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या मजबुतीचा २८ दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत त्या भागावर पुढचे काम चढलेले असते. म्हणून ओतण्याच्या वेळी हजर राहून स्लंप (ओले काँक्रीट साच्यातून काढल्यावर किती खचते ते) मोजणे आणि गाडीचा चालक नळीने जास्तीचे पाणी घालत नाही ना हे पाहणे, याला मी प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच महत्त्व देत असे.

भरावाच्या बाबतीत ‘मशीन फिरवले आहे’ हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल, आणि ते बहुधा खरेही असेल. प्रश्न थराच्या जाडीचा असतो. चरात चालणाऱ्या लहान यंत्राची दाबणी १५ ते २० सेंटीमीटरच्या थरातच तळापर्यंत पोहोचते. अर्धा मीटर माती एकदम लोटून वरून कितीही कुटली तरी वरचा भाग टणक आणि खालचा भुसभुशीत राहतो, आणि काही काळाने रस्ता बरोबर त्या चराच्या रेषेत खचतो. प्रॉक्टर चाचणीतील, म्हणजे तीच माती प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने दाबून मिळणाऱ्या, कमाल घनतेच्या ९५ टक्के अशी जी अट सहसा घातलेली असते, ती प्रत्येक थराला लागू असते. सर्वांत वरचा थर उत्तीर्ण झाल्याने खालच्यांविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आता मुकादमाशी झालेल्या बोलण्याविषयी. तुमचे सहकारी बरोबर सांगत आहेत, आणि कंत्राटदाराकडून आलेल्या प्रत्येकाला ही सवय प्रयत्नपूर्वक मोडावी लागते. काम कसे करायचे हे ठरवणे कंत्राटदाराचे काम आहे. ते कराराप्रमाणे झाले आहे की नाही एवढेच सांगणे तुमचे आहे. ‘खालच्या बाजूने पुन्हा टाका’ असे तुम्ही म्हणालात आणि तसे करताना वरचा चेंबर तडकला, तर तो ‘निरीक्षकांच्या सांगण्यावरून’ तडकला असे त्याच दिवशी लिहिले जाईल. त्याऐवजी ‘उतार मंजूर नकाशाप्रमाणे नाही, मोजलेल्या पातळ्या अशा आहेत, निर्णय होईपर्यंत हा भाग झाकू नये’ एवढेच लेखी द्यावे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका ठेकेदाराला आधार कोठे लावायचे ते दाखवले होते आणि त्याचे स्पष्टीकरण पुढे कित्येक महिने देत बसलो होतो.

या नियमाला एक अपवाद आहे. चर साधारण दीड मीटरपेक्षा खोल असेल, बाजूंना आधार नसेल, कडेलाच मातीचा ढीग असेल आणि आत माणूस असेल, तर कलम शोधत बसू नका. त्याला आधी बाहेर बोलवा. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन असते, आणि छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके मोकळे असूनही श्वास घेऊ शकत नाही.

वाहिन्यांचे आराखडे करणारा

पाणी उताराला जातेच, हे मुकादमाचे म्हणणे खोटे नाही. किती जाते हे तो सांगत नाही. वाहत्या पाण्याचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्राप्रमाणे पूर्ण भरून वाहणाऱ्या पाइपातील वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तुमच्या पाइपासाठी खडबडीतपणाचा अंक ०.०१३ धरला, तर २० सेंटीमीटर उतरणीला वेग सेकंदाला सुमारे १.२७ मीटर आणि क्षमता सुमारे २०० लिटर येते. १४ सेंटीमीटरला वेग १.०६ मीटर आणि क्षमता सुमारे १७० लिटर. उतरण तीस टक्क्यांनी घटली, पण क्षमता सुमारे सोळा टक्क्यांनीच. वेगही गाळ वाहून नेण्याइतका पुरेसा आहे.

म्हणून ‘सगळे उखडा’ हे पहिले उत्तर असू नये. या वाहिनीवर किती क्षेत्राचे पाणी येते ते नकाशात पाहा. समजा, ते १.२ हेक्टर आहे, जवळजवळ सगळे काँक्रीट-डांबराने झाकलेले आहे आणि आराखडा ताशी ५० मिलिमीटर पावसासाठी केलेला आहे. झाकलेल्या पृष्ठभागासाठी वाहून येण्याचा अंश ०.९ धरला तर सेकंदाला १५० लिटर पाणी येईल. (हीच जमीन गवताळ असती आणि अंश ०.३ असता, तर ५० लिटर आले असते. फरसबंदीने वाहिनीवर किती भार पडतो ते यावरून लक्षात येईल.) अशा परिस्थितीत १७० लिटरची वाहिनी कदाचित चालेलही, परंतु हे ठरवण्याचा अधिकार आराखडाकाराचा आहे. तो निर्णय मुकादमाने तोंडी घ्यायचा नाही, आणि तुम्हीही नाही.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुम्ही फक्त दोन टोके मोजलेली दिसतात. गेलेले ६ सेंटीमीटर नेमके कोठे गेले? एखाद्या चेंबरचा तळ उंच बांधला गेला असेल आणि मधला उतार सरळ असेल तर ती एक गोष्ट. मध्येच पाइप बसून झोळ पडला असेल तर ती पूर्णपणे वेगळी. झोळात पाणी साचून राहते, त्यात गाळ बसतो, आणि दोन टोकांच्या पातळ्या नकाशाशी तंतोतंत जुळत असल्या तरी तो दिसत नाही. भराव पडण्यापूर्वी प्रत्येक सांध्यावर पातळी घ्यावी, आणि आपण कोणत्या स्थिर खुणेवरून मोजत आहोत तेही तपासून पाहावे.

पर्जन्यजल शाखेतील निरीक्षक

तुमच्या गढूळ पाण्याचे कारण कुंपणात नसून मातीच्या कणांत आहे. स्थिर पाण्यात ०.०१ मिलिमीटरचा गाळाचा कण एक मीटर खाली बसायला सुमारे तीन तास घेतो. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक वेळ घेतो, आणि तोही पाणी अगदी निवांत असेल तर. साइटवरच्या लहान कुंडात पाणी जेमतेम काही तास थांबते. त्यामुळे वाळू अडते, जाड गाळ काही प्रमाणात अडतो, आणि रंग देणारी चिकणमाती सरळ बाहेर जाते. कापडी कुंपणही खरे तर गाळणीचे काम फार थोडे करते. ते पाणी तुंबवते आणि तुंबलेल्या पाण्यात कण खाली बसतात.

याचा अर्थ असा की, एकदा सुटलेली चिकणमाती पकडण्यापेक्षा ती सुटू न देणे सोपे असते. किती जमीन एका वेळी उघडी केली आहे, जेथे पुढे काही काळ काम होणार नाही तो भाग गवताने किंवा पेंढ्याने झाकला आहे का, आणि वरच्या बाजूचे स्वच्छ पाणी उघड्या मातीवरून न नेता बाजूने वळवले आहे का, हे प्रश्न त्या कंत्राटदाराला विचारा. आराखडा म्हणजे सुरुवात असते. त्याप्रमाणे साधने लावूनही गढूळ पाणी बाहेर जात असेल तर आराखडाच अपुरा आहे, असे लेखी कळवणे पूर्णपणे तुमच्या अधिकारात असते.

कुंपण मात्र नीट पाहा. त्याची खालची कडा मातीत साधारण १५ सेंटीमीटर गाडलेली हवी, नाहीतर पाणी खालूनच निसटते. ते समान उंचीच्या रेषेत असावे आणि जेथे पाण्याचा एकवटलेला लोट येतो अशा घळीत आडवे लावू नये. मागे साचलेला गाळ उंचीच्या एक तृतीयांशाला पोहोचण्यापूर्वी काढलेला असावा. काँक्रीटच्या गाड्या धुण्याची जागाही शोधा. त्या पाण्याचा सामू (pH) १२ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो, आणि दिसायला ते नुसते दुधट असले तरी ओढ्यातील मासे मारायला पुरेसे असते.

निवृत्त निरीक्षकांशी मी एका बाबतीत सहमत नाही. झाकल्या जाणाऱ्या कामाला प्राधान्य द्यावे हे खरे, पण जोराचा पाऊस सुरू झाला की ती यादी बाजूला ठेवून रेनकोट घालून बाहेर पडावे. कोरड्या दिवशी सगळ्याच साइट नियमात बसतात. याच्या उलट, वाहिनीच्या मुखांची पाहणी सलग तीन दिवस पाऊस नसताना करावी. तेव्हाही मुखातून पाणी वाहत असेल तर ते आले कोठून हा प्रश्न उभा राहतो. ते स्वच्छ आणि गार असेल तर भूजल असू शकते. फेस किंवा साबणाचा वास असेल तर कोणीतरी सांडपाण्याची जोडणी पावसाळी वाहिनीत केलेली असण्याचा संभव फार मोठा. मग एकेक चेंबर उघडत वर जायचे आणि ज्या दोन चेंबरांच्या दरम्यान प्रवाह दिसेनासा होतो तेथील घरांच्या सांडपाण्यात रंग सोडून जोडणी शोधायची. चेंबरची पाहणी वरूनच करावी, आत उतरू नये. सडक्या अंड्याचा वास देणारा वायू वाढला की नाक तो वास ओळखणेच बंद करते; त्यामुळे ‘आता वास येत नाही’ ही खात्री तेथे उपयोगाची नसते.

कंत्राटदाराकडील अभियंता

दुसऱ्या बाजूने दोन शब्द. आमचे भांडण कडक निरीक्षकाशी क्वचितच होते. जो भराव झाल्यानंतर येतो आणि मग उघडायला लावतो, त्याच्याशी होते. कोणत्या टप्प्यावर तुमच्या पाहणीशिवाय पुढे जायचे नाही आणि किती तास आधी कळवायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीत लिहून ठेवा. आम्ही कळवले आणि तुम्ही आला नाहीत, तर पुढे काय, हेही त्यातच लिहा. आणखी एक सांगावेसे वाटते. ज्यांच्याकडे तुम्ही पाच वर्षे नोकरी केली त्यांचे काम तुमच्या वाट्याला आले, तर ते आपणहून वरिष्ठांना लेखी कळवा. तुम्ही तेथे मऊ वागलात असे एक पक्ष म्हणेल आणि कडक वागलात असे दुसरा, आणि दोघांनाही उत्तर देणे कठीण जाईल.

नवा निरीक्षक

सर्वांचे आभार. आज प्रत्येक सांध्यावर पातळी घेतली आणि दोन निरनिराळ्या चुका सापडल्या. खालच्या चेंबरचा तळ ६ सेंटीमीटर उंच बांधला गेला आहे. शिवाय सातव्या ते नवव्या सांध्यांच्या दरम्यान पाइपाचा तळ पुढच्या सांध्यांपेक्षा ३ सेंटीमीटरने खाली गेला आहे. त्या जागी खोदकाम जास्त झाले होते आणि खड्डा सैल मातीने भरून वर पाइप ठेवले होते, हे मुकादमाने स्वतःच सांगितले. मी पातळ्यांचा तक्ता, छायाचित्रे आणि झाकण्यास मनाई करणारे पत्र दिले. चेंबरच्या उंचीवर आराखडाकारांचे लेखी मत मागवले आहे. झोळाचे पाइप काढायला कंत्राटदार तयार आहे आणि ते कसे काढायचे हे या वेळी मी सांगितलेले नाही.

निवृत्त निरीक्षक

उत्तम. ते पाइप निघाल्यावर जास्त खोदलेला भाग करारात सांगितलेल्या साहित्याने आणि दाबून भरला जातो का, ते स्वतः उभे राहून पाहा. पाइप पुन्हा बसल्यावर पातळ्या घ्याच, पण पाइपाच्या बाजूंचा भराव दाबून झाल्यावर, वरचा भराव पडण्यापूर्वी, आणखी एकदा घ्या. बाजूने कुटताना पाइप उचलला जातो आणि सकाळची नोंद दुपारी खोटी ठरते. दोन्ही नोंदींपुढे वेळ लिहायला विसरू नका.