वीज राज्याची, राख गावाची : महानिर्मिती नक्की काय देणं लागते?

कोलारकाठ
नागपूरजवळच्या कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायचं ठरलं. त्यांची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली, तेव्हापासूनचा हा वाद. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर ही केंद्रं मिळून महानिर्मितीची, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीची, क्षमता सहा हजार मेगावॉटच्या वर जाते. वीज ग्रीडमधून राज्यभर पोचते, राख मात्र जिथल्या तिथे. आपल्या कोळशात राखच ३० ते ४० टक्के. त्यातली बरीच पाण्यात कालवून पाइपातून बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की वारा तो उचलून गावावर टाकतो आणि पावसाळ्यात बंधाऱ्याचीच धास्ती. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला, राखेचं पाणी शेतांत आणि कोलार नदीत गेलं. कोलार पुढे कन्हानला मिळते आणि कन्हानचं पाणी नागपूर पितं.

माझं म्हणणं एवढंच की आसपासच्या गावांचं पाणी, शेतीचं नुकसान, दवाखाना हा वीज बनवण्याचाच खर्च धरा. सीएसआरची, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीची, मेहरबानी नको. वीजदरात घाला, पुण्या-नाशिकच्या बिलातही दिसू दे.

हिशोबी
दरात घाला म्हणणं सोपं आहे. महावितरणचं बिल आधीच जड, उद्योगवाले रोज शेजारच्या राज्यात जायची भाषा करतात. शिवाय वीज घेतली जाते मेरिट ऑर्डरने, ज्याची स्वस्त त्याची आधी. सरकारी केंद्रावर खर्च लादलात की त्याचे संच बसून राहतील आणि खाजगीवाले चालतील. राख तीच, फक्त दुसऱ्या गावात.

अर्धवट इंजिनीयर
हिशोबी, मेरिट ऑर्डरमध्ये फक्त बदलता खर्च बघतात, म्हणजे मुख्यतः कोळसा. नळयोजना, बंधाऱ्याची डागडुजी, आरोग्य तपासणी हे स्थिर आकारात जातं, म्हणजे वीज किती घेतली यावर न ठरणाऱ्या रकमेत. त्याने क्रमवारी हलत नाही. बिल वाढेल हे खरं, पण तो वेगळा मुद्दा.

सदू
यात एफजीडीचं, म्हणजे धुरातले गंधकाचे वायू धरणाऱ्या यंत्रणेचं, कोणीच काही बोलत नाही? डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने दोन वर्षांत बसवायचं होतं. मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच देऊन टाकली.

अर्धवट इंजिनीयर
सूट सरसकट नाही. दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किमीच्या आत असाल तर बसवावंच लागेल, मुदत २०२७ अखेर. अतिप्रदूषित पट्ट्यातल्या केंद्रांचं प्रकरणागणिक ठरणार. पण एफजीडी गंधकाचे वायू धरतं, राख नाही. गावाच्या अंगणात पडते ती राख. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की कंपनीचं फावतं. एकीचं उत्तर दुसरीसाठी देतात.

मधली आळी
मी विरोधात आहे आणि कारण पैशाचं नाही. वीज कंपनीने दवाखाना बांधला की जिल्हा परिषद हात झटकते. मग नळाला पाणी नाही आलं तरी लोक केंद्राच्या गेटवर. हक्काचा नागरिक तिथे याचक होतो, पुढारी मधल्या मध्ये कंत्राटं खातात. शिवाय जुने संच एक दिवस बंद होणारच, तेव्हा तो दवाखाना कोण चालवणार? कंपनीने राख आवरावी. बाकी सरकारचं काम सरकारने करावं.

कोलारकाठ
दवाखान्याचा मुद्दा बिनतोड आहे, पण 'राख आवरावी' यात सगळं येतं का? डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे १०० टक्के राख वापरायची, न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई. ती जाते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खात्यात, राखेची विल्हेवाट लावायला. ज्याच्या विहिरीत राख गेली त्याच्या हातात काय पडतं? कोळसा खाणीतून निघतो तेव्हा २०१५ पासून रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणबाधितांसाठी. तोच कोळसा भट्टीत जळला की बाधितांसाठी असा काहीच निधी नाही.

सदू
आणि १०० टक्के 'वापर' म्हणजे काय, तेही बघा. सखल जमिनीत भराव टाकला तरी तो वापरच. टिप्परवर ताडपत्री नसेल तर बंधाऱ्यातली राख रस्त्यावर आली, एवढाच फरक.

हिशोबी
खनिज प्रतिष्ठानचा दाखला देऊ नका बाप्पा, आणखी एक निधी म्हणजे आणखी एक समिती. आणि एक सांगा, खाजगी केंद्रांना हे का नाही? सरकारी कंपनी सापडते म्हणून तिलाच धरायचं?

मधली आळी
इथे मी कोलारकाठ यांच्या बाजूने. सरकारी कंपनीला माहिती अधिकार लागू आहे, बंधाऱ्याचा तपासणी अहवाल मागता येतो. खाजगीकडे थेट अर्ज टाकून बघा. आधी जिथे दार उघडतं तिथेच ठोठावणार ना.

हिशोबी
बरं, स्थिर आकारात घालायचं तर दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढे मागणार कोण? महानिर्मिती स्वतःहून मागेल असं वाटतं?

कोलारकाठ
ती नाही मागणार. पण तिच्या दरयाचिकेवर हरकती मागवतात आणि हरकत कोणालाही नोंदवता येते. बंधाऱ्यांची देखभाल, पाणी आणि पीक नुकसान असे तीन खर्च वेगळे दाखवा, एवढीच मागणी करायची. आकडे तपासायला हिशोबी, तुम्ही या.

हिशोबी
येतो. पण दवाखाना चौथा म्हणून घुसवलात तर मी तिथेच विरोधात उभा राहीन.