विषय: डिसेंबरमधील सातारा भेट आणि नाळेतून फेरा करण्याचा बेत

प्रेषक: सहल समिती
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरअखेर अमेरिकेतून येणारी मंडळातील काही कुटुंबे साताऱ्यात एकत्र जमणार आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. देवदर्शन आणि नातेवाइकांच्या भेटीगाठी आटोपल्यावर आमच्यापैकी पाच-सहा जणांना एक पूर्ण दिवस डोंगरात घालवायचा आहे. ही सर्व मंडळी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या दरीतील रॉयल आर्च या नैसर्गिक कमानीचा फेरा करून आलेली आहेत. त्यात साऊथ बासच्या वाटेने दरीत शिरून, ओढ्याच्या पात्रातील धोंड्यांवरून हातापायांनी वाट काढत, सुमारे २० फुटांचा कडा दोराने उतरून कोलोरॅडो नदी गाठायची असते आणि टोंटो वाटेने वळसा घेऊन पुन्हा मूळ जागी चढून यायचे असते. तसाच काही बेत साताऱ्यात जमावा, अशी इच्छा आहे. उपग्रहचित्रात वासोटा किल्ला आणि नागेश्वरची गुहा यांच्या दरम्यान कोकणाकडे उतरणाऱ्या दोन नाळा, म्हणजे कड्यांमधील खडकाळ घळी, स्पष्ट दिसतात. एकीने उतरून दुसरीने वर येता येईल का, हे साताऱ्यातील सभासदांनी कृपया कळवावे. दोर, हार्नेस व शिरस्त्राणे आम्ही सोबत आणणार आहोत.

आपली,
सहल समिती


प्रेषक: साताऱ्यातील एक सभासद
प्रति: सहल समिती

स. न. वि. वि.

आपला उत्साह पाहून आनंद झाला, परंतु वासोट्याच्या नाळांचा विचार आपण सोडून द्यावा. तो सर्व परिसर कोयना अभयारण्यात असून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचे आणि सायंकाळच्या आत परत यायचे, हा तेथील शिरस्ता आहे. मुक्कामाला मनाई आहे आणि आखून दिलेली वाट सोडणेही नियमाबाहेरचे आहे. मेट इंदवलीहून वासोटा, तेथून कड्याच्या कडेकडेने नागेश्वरची गुहा आणि रानातून परत, असा एक जुना व सुंदर फेरा आहे. मात्र त्या दिवसांत नागेश्वरची वाट खुली आहे का, हे कार्यालयात आधी विचारून घ्यावे. मंडळींना बाबू कडा पाहावयाचा असेल तर या फेऱ्यासारखे दुसरे काही नाही. पण आपण मागत आहात ती कातळावरची झटापट त्यात फारशी नाही.

नियमांपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती खडकाची. ग्रँड कॅन्यनच्या वरच्या थरांतील वाळूच्या दगडावर बूट चिकटून राहतो आणि उतारावर केवळ तळव्यांच्या भरवशावर चालता येते. सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्यातील घट्ट थरांचे उभे कडे झाले आणि ठिसूळ थर झिजून त्यांचे पदर, म्हणजे कड्यांमधले उतरते टप्पे, झाले. त्यामुळे खालून सलग वाटणारी नाळ प्रत्यक्षात जिन्यासारखी असते, आणि त्या जिन्याची एखादी पायरी ४० फुटांची निघते. शिवाय हा कातळ उभ्या-आडव्या भेगांनी तुकड्यातुकड्यांत फुटतो. हाताला लागलेला होल्ड, म्हणजे पकडीचा खडक, दिसायला भक्कम असला, तरी तो मागच्या खडकाशी सांधलेला आहे की नुसता टेकलेला, हे त्यावर मुठीने ठोकल्याशिवाय कळत नाही. पोकळ आवाज आला की हात काढून घ्यावा. डिसेंबरात पदरावरचे गवत वाळून आडवे झालेले असते आणि त्याखाली घसारा, म्हणजे सुटी माती व खडे, असतो, त्यामुळे पाऊल गवतावर ठेवले तरी ते मुरमावरून सरकते. तोल सावरायला कारवी धरावी, तर वाळलेली कारवी मुळासकट हातात येते. म्हणून ‘आम्ही वर्ग चारपर्यंतचे (म्हणजे हातापायांनी चढावे लागणारे, पण पडल्यास जिवावर बेतणारे) चढ दोराशिवाय चढतो’ हा अमेरिकेतील हिशेब येथे जसाच्या तसा लावू नये.

उपग्रहचित्राविषयीही थोडे लिहितो, कारण हल्ली आमच्याकडचे तरुणही त्यावर विसंबून निघतात. वरून घेतलेल्या चित्रात उभा कडा हा एका रेषेइतकाच दिसतो, आणि ती रेष सावलीत असेल तर तेवढाही दिसत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात समोच्चरेषांमधील, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांमधील, उंचीचे अंतर २० मीटर असते. याचाच अर्थ, १५ मीटरचा सरळ कातळ दोन रेषांच्या मध्ये बिनबोभाट दडू शकतो. अनोळखी नाळेने उतरताना तो नेमका अशा वेळी समोर येतो, जेव्हा वरचा टप्पा दोराने उतरून दोर ओढून घेतलेला असतो आणि मागे फिरणे हाताबाहेर गेलेले असते. चढताना जेथे अडतो तेथून निदान आल्या वाटेने परतता तरी येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, सह्याद्रीत नाळ प्रथम चढावी आणि मळलेल्या वाटेने उतरावे, मग फेरा उलटा पडला तरी चालेल.

आपल्या मंडळींना खरोखरच कस लागणारा दिवस हवा असेल, तर पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावातून ढवळे घाटाने महाबळेश्वरच्या आर्थर सीटला, म्हणजे मढीमहालाला, चढून यावे. वाट चंद्रगडाच्या शेजारून दाट रानात शिरते आणि भैरीची घुमटी मागे टाकून कड्याखाली येते. चढाई एक हजार मीटरहून अधिक आहे. शेवटच्या भागात कातळाचे टप्पे व अरुंद आडव्या वाटा आहेत, जेथे दोर लावावा लागतो. माथ्याजवळ काळा पाषाण संपून जांभा सुरू होतो, तो आणखी बेभरवशाचा आहे. ही बाजू पश्चिमेकडची असल्याने सकाळी बराच वेळ सावली मिळते, पण दुपारनंतर ऊन थेट कातळावर येते आणि पाठीवरचे पाणी तेव्हाच संपत आलेले असते. उजाडताच गाव सोडावे. ढवळ्यातील वाटाड्या घेतल्याशिवाय निघू नये, कारण रानातील ढोरवाटा हुबेहूब मुख्य वाटेसारख्या दिसतात आणि दाट झाडीत व कड्याखाली मोबाइलचा नकाशा जागा चुकीची दाखवतो. परवानगीची चौकशी तेथेही करावीच. हा फेरा नव्हे, त्यामुळे गाडी वरच्या वाहनतळावर मागवावी लागेल. फेरा पूर्ण झाला नाही म्हणून कोणी हिरमुसले, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी वासोट्याला जावे.

कळावे, लोभ असावा.


प्रेषक: सांगलीतील एक सभासद, व्यवसायाने डॉक्टर
प्रति: सर्व सभासद

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात आग्या मोहोळांचा उल्लेख राहिला, म्हणून लिहीत आहे. या कड्यांच्या छतांखाली त्यांची पोळी लोंबत असतात आणि धूर, अत्तर किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्यावर त्या दूरवर पाठलाग करतात आणि दोरावर अडकलेल्या माणसाला पळताही येत नाही. त्या दिवशी कोणीही सुगंधी फवारे वापरू नयेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि ज्यांना पूर्वी दंशाची तीव्र अॅलर्जी झाली आहे त्यांनी या चढाईत येऊ नये. अमेरिकेतून येणाऱ्यांपैकी कोणाजवळ ॲड्रेनलिनचे पेन असेल, तर ते सामानाच्या बॅगेत हॉटेलवर न ठेवता कमरेच्या पिशवीत ठेवावे. प्रत्येकी किमान चार लिटर पाणी घ्यावे. विमानप्रवासानंतर झोपेचे वेळापत्रक बिघडलेले असते, तेव्हा साताऱ्यात पोहोचल्यावर मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, असा माझा आग्रह आहे.


प्रेषक: सहल समिती
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

काकांच्या आणि डॉक्टरताईंच्या पत्रांबद्दल मनःपूर्वक आभार. नाळेने उतरण्याचा बेत आम्ही रद्द केला आहे. ‘दोर आहे तर भीती कशाची’ असे आमच्यापैकी दोघांचे म्हणणे अजूनही आहे, परंतु दोर ओढून घेतल्यावर खाली काय असेल, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळही नव्हते. कातळाचा अनुभव असलेले सभासद ढवळ्याहून चढतील आणि उरलेली कुटुंबे त्याच दिवशी गाडीने आर्थर सीटला येऊन थांबतील. वासोट्याची फेरी सर्वांसाठी वेगळ्या दिवशी ठेवू. काकांना दोन विनंत्या आहेत. ढवळ्यातील वाटाड्याशी बोलून त्याचा मेहनताना आधी ठरवून घ्यावा, आणि आदल्या रात्री गावात आठ माणसांच्या मुक्कामाची व पहाटेच्या भाकरी-पिठल्याची सोय होईल का, ते कळवावे.

आपली,
सहल समिती